ठासणीच्या बंदुकीला दुर्बीण हवी का?

अमेरिकेतील शिकारी आपल्या जुन्या धाटणीच्या बंदुकीवर नेमासाठी काय बसवतात, यावरून तेथे राज्याराज्यांत वाद झडले आहेत, कायदे बदलले आहेत. या वादाच्या मुळाशी आहे माणसाचा चाळिशी ओलांडलेला डोळा.

नाताळचा दुसरा दिवस. पेनसिल्व्हेनिया राज्यातील टेकड्यांवर बर्फ असते, झाडे उघडीबोडकी झालेली असतात आणि घरोघरी आदल्या दिवशीचे उरलेले पक्वान्न गरम होत असते. अशा थंडीत काही माणसे पहाटेच जाडजूड जाकिटे चढवून रानाकडे निघतात. त्यांच्या खांद्यावरची बंदूक एखाद्या संग्रहालयातून उचलून आणल्यासारखी वाटावी. लांबलचक नळी, मेपलच्या लाकडाचा दस्ता आणि बाजूला गारगोटीचा तुकडा जबड्यात धरलेला घोडा. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासायची, कानाशी चिमूटभर रंजक घालायची आणि हरणाची वाट पाहत उभे राहायचे. बार एकच. तो फुकट गेला तर पुन्हा ठासेपर्यंत हरीण पुढच्या टेकडीआड झालेले असते.

पेनसिल्व्हेनियात गारगोटीच्या बंदुकीचा हा वेगळा हंगाम १९७४ साली सुरू झाला. त्याचा नियम असा की ठिणगी गारगोटीचीच हवी आणि नेम धरायला दुर्बीण चालणार नाही. एका मिनिटात डझनावारी गोळ्या झाडणाऱ्या बंदुका जेथे दुकानात मिळतात, त्या देशात हा उपद्व्याप कोण आणि कशासाठी करते, असा प्रश्न आपल्याला पडेल. त्याचे उत्तर सोपे आहे. ठासणीच्या बंदुकीचा पल्ला कमी, बार एक, म्हणून शिकार कमी होते. कमी शिकार होते म्हणून राज्याचे वन्यजीव खाते या मंडळींना वेगळे दिवस देते. कोठे ते मुख्य हंगामाच्या आधीचे असतात, कोठे नंतरचे. रानात गर्दी नसते. काहींना आजोबा-पणजोबांची विद्या जपल्याचे समाधान असते, तर काहींना केवळ आणखी चार दिवस रानात जायला मिळते म्हणून आनंद असतो.

ठासणीची बंदूक आपल्यालाही परकी नाही. कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्याने बाळगलेल्या अशा बंदुका अनेकांनी पाहिल्या असतील. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात तर कोडवा कुटुंबांना बंदूक बाळगण्यासाठी परवान्याची अटही नाही. ही सवलत ब्रिटिश काळापासूनची असून २०१९ मध्ये केंद्र सरकारने ती आणखी दहा वर्षांसाठी वाढवली. कैलपोळदूच्या सणाला तेथे या बंदुकांची पूजा होते. मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे हौसेची शिकार बंद झाली. त्यामुळे शिकारीच्या बंदुकीवर कोणती साइट बसवावी, हा प्रश्न आपल्या घरात उद्भवत नाही. अमेरिकेत मात्र तो दरवर्षी लाखो घरांत उद्भवतो, आणि त्यात केवळ यंत्राचा नव्हे, तर जनावराच्या हालांचा आणि माणसाच्या वयाचाही प्रश्न गुंतलेला असतो.

तीन वस्तू आणि एक डोळा

साध्या बंदुकीवर नेम धरण्यासाठी दोन खुणा असतात. नळीच्या पुढच्या टोकाशी एक छोटा उभा पत्रा किंवा मणी असतो, ती माशी. डोळ्याच्या बाजूला एक खाच असलेली पट्टी असते. खाचेच्या मधोमध माशी दिसली पाहिजे आणि माशीच्या टोकावर सावज. ऐकायला हे सोपे वाटते, पण यात डोळ्याला एक अशक्य काम सांगितलेले असते. खाच हातभर अंतरावर, माशी त्याच्या दुपटीवर आणि हरीण साठ-सत्तर मीटरवर. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्पष्ट पाहू शकतो.

तरुणपणी हे जाणवत नाही. डोळ्यातील भिंग लवचीक असते. खाच, माशी, हरीण अशी उडी ते इतक्या झपाट्याने घेते की तिन्ही वस्तू एकदमच स्पष्ट दिसतात असा भास होतो. चाळिशी उलटली की हे भिंग ताठर होऊ लागते. वर्तमानपत्र हातभर लांब धरून वाचण्याची वेळ येते, ती याचमुळे. हेच दुखणे शिकाऱ्याला बंदुकीवर भेटते. प्रथम खाचेच्या कडा विरघळतात आणि इंग्रजी यू अक्षरासारखी खाच धुरकट डागासारखी दिसू लागते. पुढे माशीही पुसट होते. बंदूक तीच, हात तोच, पण ज्या माणसाचे बार एकेकाळी मुठीएवढ्या जागेत बसत, त्याचे ताटभर जागेत विखुरतात. पुष्कळजण दारूला दोष देतात, गोळीला देतात, नळी झिजली म्हणतात. डोळ्याला दोष द्यायला कोणी चटकन तयार होत नाही, विशेषतः पुरुषमंडळी!

यावरचा जुना उपाय पाठ करून घेण्यासारखा आहे. तिन्हींपैकी माशी स्पष्ट दिसलीच पाहिजे. खाच थोडी पुसट चालेल, हरीणही थोडे पुसट चालेल. नवशिका नेमके उलटे करतो. त्याची नजर हरणावर खिळते, माशी धूसर होते आणि खाचेतून ती कधी वर सरकली ते त्याला कळत नाही. गोळी हरणाच्या पाठीवरून निघून जाते.

कानस हळू चालवा

अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातील जर्मन वंशाच्या कारागिरांनी घडवलेल्या लांब बंदुकांवर साइट अगदी बुटकी असे. पुढे पितळेचा किंवा चांदीचा पातळ पत्रा, मागे लोखंडी पट्टीत कोरलेली उथळ खाच. झाडाझुडपांतून जाताना अडकू नये, हा एक हेतू. या कारागिरांची एक युक्ती मात्र आजच्या चष्मेवाल्यांनाही उपयोगी आहे. ते खाचेची पट्टी नळीच्या मुळाशी न बसवता वीतभर पुढे बसवत. ती डोळ्यापासून लांब गेल्यामुळे अधिक स्पष्ट दिसे. आजही वयस्कर शिकारी बंदूक करून घेताना पट्टी आणखी पुढे सरकवून घेतात.

अर्थात हे फुकट मिळत नाही. खाच आणि माशी यांत जितके अंतर जास्त, तितकी चूक कमी. समजा हे अंतर ५० सेंटिमीटर आहे आणि माशी खाचेच्या मध्यापासून केवळ पाव मिलिमीटर सरकली, तर ९० मीटरवर गोळी ४५ मिलिमीटर बाजूला लागेल. हेच अंतर ७५ सेंटिमीटर असेल तर चूक ३० मिलिमीटरवर येते. पट्टी पुढे नेली की हे अंतर घटते. एक मीटरहून लांब नळी असेल तर एवढे नुकसान सोसते, आखूड नळीला ते महागात पडते.

माशीच्या जाडीचाही असाच हिशेब आहे आणि तो दुकानात फारसा कोणी सांगत नाही. डोळ्यापासून ९० सेंटिमीटरवर असलेली माशी १.६ मिलिमीटर जाड असेल, तर ९० मीटरवर, म्हणजे शंभरपट अंतरावर, ती १६ सेंटिमीटर जागा झाकून टाकते. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग जेमतेम २० सेंटिमीटर व्यासाचा. म्हणजे जेथे गोळी लागायला हवी, ती जवळजवळ सगळी जागा माशीआडच गडप! जाड माशी अंधूक उजेडात लवकर दिसते, म्हणून ती घ्यावीशी वाटते. ४० मीटरवर ती उत्तम, ९० मीटरवर ती पडदा होते.

जुन्या पद्धतीच्या साइटवर फिरवायला स्क्रू नसतात. पट्टी खाचेत ठोकून बसवलेली असते, ती पितळी खिळ्याने हलके ठोकून डावी-उजवीकडे सरकवायची. गोळी उजवीकडे न्यायची असेल तर मागची पट्टी उजवीकडे. माशी सरकवायची झाल्यास सगळे उलटे. उंचीसाठी कारागीर माशी मुद्दाम उंच ठेवतात. उंच माशीमुळे नळी खाली झुकते, म्हणून नव्या बंदुकीचा बार सहसा खाली लागतो. मग एकेक बार टाकायचा आणि कानशीने माशी थोडी घासायची. घासत जावे तशी गोळी वर चढते. या कामात घाई करणाऱ्याला शिक्षा लगेच मिळते, कारण घासलेले पितळ परत चिकटवता येत नाही. एकाच बारावरून कानस उचलू नये. तीन बार टाकावेत, त्यांचा मध्य पाहावा आणि नळी पुसून मगच पुढचे तीन बार टाकावेत. काळ्या दारूची काजळी नळीत साचली की गोळीची वागणूक बदलते.

हा सगळा खटाटोप नको असलेल्यांसाठी १९७० साली थॉम्प्सन सेंटर कंपनीने हॉकन नावाची बंदूक बाजारात आणली. सेंट लुईसच्या जेकब आणि सॅम्युएल हॉकन या भावांच्या एकोणिसाव्या शतकातील नावाजलेल्या बंदुकांवरून तिचे नाव घेतले होते, पण साइट मात्र स्क्रूने वर-खाली आणि आजूबाजूला सरकणारी होती. आज अमेरिकेतील कित्येक माळ्यांवर आणि कपाटांत अशा बंदुका पडून आहेत, वडिलांकडून मुलाकडे आलेल्या.

छिद्रातून दिसणारे जग

चाळिशीवर एक उपाय आहे आणि तो फार जुना आहे. मागच्या खाचेऐवजी एक छोटे छिद्र असलेली चकती बसवायची आणि छिद्रातून पाहायचे. हिला पीप साइट म्हणतात. वाचकांनी एक प्रयोग घरी करून पाहावा. चष्मा काढून, जाड कागदाला टाचणीने पाडलेल्या छिद्रातून वर्तमानपत्राकडे पाहावे. पुसट अक्षरे एकदम सुस्पष्ट होतात. छिद्र अंधूक करणारे तिरपे किरण अडवते आणि सरळ किरण तेवढे आत सोडते. त्यामुळे जवळचे आणि लांबचे दोन्ही एकाच वेळी बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. माशी आणि हरीण दोन्ही दिसू लागतात आणि खाच तर नाहीशीच झालेली असते. तीन वस्तूंच्या दोन झाल्या.

यात आणखी एक गंमत आहे. छिद्राच्या मध्यभागी माशी आणण्यासाठी मुद्दाम कष्ट घ्यावे लागत नाहीत. गोल चौकटीचा मध्य डोळा आपोआप शोधतो. शिवाय पीप साइट दस्त्याच्या मानेवर, डोळ्याच्या जवळ बसवता येत असल्यामुळे तिच्यात आणि माशीत अंतर वाढते. वर सांगितलेला ५० आणि ७५ सेंटिमीटरचा हिशेब येथे शिकाऱ्याच्या बाजूने फिरतो.

मग सगळेच पीप साइट का लावत नाहीत? एक तर जुन्या बंदुकीच्या देखण्या मानेवर ती उपऱ्यासारखी दिसते आणि सौंदर्याचा भोक्ता शिकारी नाक मुरडतो. दुसरे कारण अधिक खरे आहे. छिद्रातून उजेड कमी येतो. चांदमारीच्या मैदानावर वापरतात तसे एक मिलिमीटरचे छिद्र घेऊन पहाटे रानात गेलात, तर छिद्रापलीकडे काळोखाशिवाय काही दिसणार नाही. शिकारीला अडीच-तीन मिलिमीटर किंवा त्याहूनही मोठे छिद्र हवे. पावसाचा एक थेंब किंवा बर्फाचा एक कण छिद्रात बसला की साइट आंधळी होते. अनुभवी माणूस नेम धरण्याआधी त्यातून एक फुंकर मारतो. गारगोटीच्या बंदुकीत कानातून उडणारी आग आणि काजळी मागे येते, तीही छिद्रात बसते. काळ्या दारूची राख हवेतील ओल शोषून लोखंडाला गंज चढवते. त्यामुळे नळीबरोबर साइटही त्याच दिवशी धुऊन, पुसून, तेल लावून ठेवावी लागते.

एवढे असूनही, पन्नाशीच्या घरातल्या आणि ७०-८० मीटरच्या आत बार टाकणाऱ्या शिकाऱ्याला एकच साइट सुचवायची झाली, तर ती पीप साइटच. ती स्वस्त आहे, मजबूत आहे, तिला बॅटरी लागत नाही आणि अनेक राज्यांच्या नियमांत ती बसते.

हिरवा ठिपका, लाल ठिपका

गेल्या काही दशकांत आलेला दुसरा प्रकार म्हणजे प्रकाशधाग्याची साइट. रंगीत प्लॅस्टिकचा पातळ धागा बाजूने उजेड गोळा करतो आणि टोकाला तो ठिपक्यासारखा चमकवतो. माशीला एका रंगाचा ठिपका, खाचेच्या दोन बाजूंना दुसऱ्या रंगाचे दोन ठिपके. सांज-सकाळी, जेव्हा हरणे बाहेर पडतात आणि काळी माशी काळ्या झाडीत हरवते, तेव्हा हा ठिपका ठळक दिसतो. भर उन्हात मात्र तो एवढा चमकतो की फुगल्यासारखा वाटतो आणि बारीक नेम साधत नाही. धागा नाजूक असतो. फांदीला घासून तो तुटला तर रानात दुरुस्ती नाही.

पितळी मण्याची स्वतःची एक खोड आहे. ऊन एका बाजूने आले की मण्याची तेवढीच बाजू चमकते आणि डोळा त्या चमकणाऱ्या बाजूलाच मण्याचा मध्य समजतो. मग बार उन्हाच्या विरुद्ध बाजूला जातो. सपाट, काळी केलेली माशी या बाबतीत प्रामाणिक. पांढरा मणी हिरव्या रानात छान दिसतो, पण बर्फात तो असून नसल्यासारखा! कोणत्या महिन्यात आणि कसल्या रानात जायचे, हे ठरल्याशिवाय माशीचा रंग ठरवू नये.

दुर्बिणीने घातलेला घोळ

आता वादाचा मुद्दा. १९८५ साली मिसुरी राज्यातील टोनी नाइट या कारागिराने एमके-८५ नावाची नवी बंदूक बाजारात आणली. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातूनच ठासायची, पण ठिणगी देणारी टोपी बाजूला नव्हे, तर नळीच्या मागे सरळ रेषेत. बाहेरून ती आधुनिक रायफलीसारखी दिसे आणि तिच्या माथ्यावर दुर्बीण बसवणे सोपे होते. पुढे इतर कंपन्यांनी हाच मार्ग धरला. दारूच्या तयार वड्या आल्या, प्लॅस्टिकच्या वेष्टणातील निमुळत्या गोळ्या आल्या. चिंधीतल्या गोल गोळीने ८०-९० मीटरपर्यंत शिकार करावी, तर या नव्या बंदुका दुर्बिणीसह २०० मीटरच्या गोष्टी बोलू लागल्या.

दुर्बीण डोळ्याचे दुखणे मुळापासून काढते, हे मान्यच केले पाहिजे. तिच्यात फुलीची खूण आणि हरीण एकाच प्रतलात दिसतात. तीन वस्तूंची एकच होते. साठ वर्षांच्या माणसाला त्यातून विशीतला नेम परत मिळतो. तिची गैरसोयही आहे. डोळा भिंगाच्या फार जवळ नेला तर बंदुकीच्या धक्क्याने भुवई फुटते. थंडीत श्वासाची वाफ भिंगावर बसते. बाजूला टोपी असलेल्या जुन्या बंदुकीवर दुर्बीण चढवली, तर टोपीतून उडणारी आग तिच्या नळीवर डाग पाडते. पण या गोष्टी सांभाळता येतात. खरी तक्रार वेगळी आहे.

शिकार कमी होते म्हणून वेगळे दिवस दिले होते. दुर्बिणीने शिकार वाढली, तर वेगळे दिवस कशासाठी? कोलोराडोने ठासणीच्या हंगामात दुर्बिणीला थारा दिला नाही. तेथे खाच-माशी चालते, प्रकाशधागाही चालतो, पण बॅटरीवर चालणारे काहीही नाही. आयडाहोतही ठासणीच्या खास हंगामात साधी साइट किंवा पीप साइट एवढेच. मिशिगनसारख्या राज्यांत मात्र दुर्बिणीला हरकत नाही. पेनसिल्व्हेनियात तर दोन्ही नांदतात. ऑक्टोबरमध्ये माद्यांच्या शिकारीचा जो ठासणीचा छोटा हंगाम असतो, त्यात नव्या बंदुका आणि दुर्बीण चालतात. नाताळानंतरच्या हंगामात फक्त गारगोटी.

युटा राज्याची कहाणी बोलकी आहे. तेथे २०१६ मध्ये ठासणीच्या बंदुकीवर वस्तू मोठी करून दाखवणाऱ्या दुर्बिणींना परवानगी मिळाली. आठ वर्षांत पारडे फिरले आणि २०२४ च्या ठासणीच्या हंगामापासून दुर्बिणींना मज्जाव झाला. न्यू मेक्सिकोने तसाच निर्णय २०२३ पासून अमलात आणला होता. दुकानात पैसे मोजून घेतलेल्या दुर्बिणी एका निर्णयाने कपाटात गेल्या. साहजिकच अनेकांनी आरडाओरडा केला. त्यांचा युक्तिवाद असा, की दुर्बिणीने नेम अचूक लागतो, मग जनावर जखमी होऊन पळण्याचे प्रमाण कमीच होईल ना?

हा युक्तिवाद वरवर टाकाऊ नाही. हरणाच्या हृदय-फुप्फुसांत गोळी लागली तर ते थोडे अंतर धावून काही सेकंदांत पडते. वीतभर मागे, पोटात लागली तर ते मैलभरही जाते, झुडपात लपते आणि तासन् तास तडफडून मरते. पुष्कळदा सापडतही नाही. शिकार करणाऱ्या सभ्य माणसाला याहून मोठी नामुष्की नाही, आणि प्राण्याच्या दृष्टीने तर हा शब्दही अपुराच. मग नेमाला मदत करणारी कोणतीही वस्तू चांगली, असे का म्हणू नये?

म्हणता येत नाही, कारण दुर्बीण हरणाला डोळ्याजवळ आणते, पण गोळीला ते अंतर कापावेच लागते. अर्ध्या इंची नळीतून सुटणारी गोल गोळी साडेअकरा ग्रॅमच्या आसपास असते. गोल असल्यामुळे ती हवेत झपाट्याने वेग गमावते. ७० मीटरला बरोबर लावलेल्या बंदुकीची गोळी दीडशे मीटरवर फूटभराहून अधिक खाली जाते. वाऱ्याची झुळूक तिला बाजूला ढकलते ते वेगळेच, आणि पोहोचली तरी तिच्यात दम उरलेला नसतो. साध्या खाच-माशीने नेम धरणाऱ्याला दीडशे मीटरवरचे हरीण माशीआड दिसतच नाही, म्हणून तो बार टाकत नाही. दुर्बिणीतून ते समोरच उभे दिसते, तेव्हा चापावरचे बोट आवरणे अवघड जाते. आधुनिक गोळीचा पल्ला मोठा आहे हे खरे, पण २०० मीटरचा पल्ला आल्यावर मोह अडीचशेचा होतो. युटाचा निर्णय या दृष्टीने रास्त वाटतो.

मात्र ज्यांचा डोळाच साथ देत नाही, त्यांना सरसकट घरी बसवणेही न्यायाचे नाही. याबाबत काही राज्यांनी दाखवलेली समज दाद देण्याजोगी आहे. आयडाहोत दृष्टिदोष असलेल्या शिकाऱ्याला खास परवाना काढून वस्तू मोठी न दाखवणारी दुर्बीण लावता येते. युटानेही नव्या नियमात दृष्टिदोष असलेल्यांसाठी अशी वाट ठेवली. दुर्बीण एकपट, म्हणजे हरीण जेवढे तेवढेच दिसणार. फुली आणि हरीण एका प्रतलात येतात, पल्ला मात्र वाढत नाही. डोळ्याला आधार मिळाला आणि मोहाला मिळाला नाही.

चष्मेवाल्याकडे बंदुकीचे माप

साइट बदलण्याआधी करण्यासारखी एक स्वस्त गोष्ट आहे आणि बहुतेकजण ती शेवटी करतात. डोळ्याच्या डॉक्टरांकडे जाताना आपल्या डोळ्यापासून माशीपर्यंतचे अंतर फुटपट्टीने मोजून न्यावे. वाचायचा चष्मा येथे कामाचा नाही, तो पुस्तकाच्या अंतरासाठी असतो. लांबचे पाहण्याच्या नंबरात अर्धा किंवा पाऊण अधिक नंबर घातला की माशी पुरेशी स्पष्ट होते आणि हरीणही फार पुसटत नाही. दोन भागांचा चष्मा मात्र नको. नेम धरताना मान झुकते आणि डोळा काचेच्या वरच्या कोपऱ्यातून पाहतो, तेथे नेमका नको तो नंबर असतो. काच फुटणार नाही अशी घ्यावी. गारगोटीच्या बंदुकीत ठिणग्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर उडतात, त्यामुळे शून्य नंबरवाल्यांनीही चष्मा घालावा. लाल ठिपका दाखवणाऱ्या बॅटरीच्या साइट जेथे चालतात, तेथेही विकत घेण्याआधी त्यातून पाहून घ्यावे. ज्यांच्या डोळ्यात तिरपा नंबर आहे, त्यांना तो ठिपका न दिसता शेपूट फुटलेला डाग दिसतो.

साइट कोणतीही असो, आपला पल्ला किती हे ठरवण्याची एक घरगुती परीक्षा अमेरिकेतील शिकारी वर्षानुवर्षे वापरत आले आहेत. वीतभर व्यासाची कागदी बशी झाडाला लावायची. प्रथम ४० मीटरवरून, उभ्याने किंवा गुडघा टेकून, म्हणजे रानात ज्या अवस्थेत बार टाकावा लागेल त्याच अवस्थेत, पाच बार टाकायचे. टेबलावर बंदूक टेकवून नव्हे! पाचही बशीत बसले तर दहा मीटर मागे सरकायचे. ज्या अंतरावर एक जरी बार बशीबाहेर गेला, त्याच्या आधीचे अंतर हा आपला पल्ला. गारगोटीच्या बंदुकीत चाप ओढल्यापासून बार उडेपर्यंत क्षणभर वेळ जातो, तेवढा वेळ माशी हलू न देणे हीदेखील या परीक्षेत तपासली जाते. बार उडाल्यावर समोर धुराचा पांढरा ढग उभा राहतो, त्यामुळे गोळी कोठे गेली ते लगेच दिसत नाही. चालत जाऊन बशी पाहावी लागते. पुष्कळांचा आकडा त्यांनी मित्रांना सांगितलेल्या आकड्यापेक्षा बराच लहान निघतो.

पीप साइट लावलेल्यांना रानात संध्याकाळी आणखी एक सोय असते. उजेड उतरू लागला की छिद्राची छोटी चकती फिरवून काढायची आणि खिशात टाकायची. मागे रुंद कडे उरते. त्यातून पुष्कळ उजेड येतो, नेम तितका बारीक राहत नाही, पण ३०-४० मीटरवरच्या हरणाला तो पुरतो. तेवढाही उजेड उरला नाही, माशी झाडीत विरघळली, की त्या दिवसापुरते काम संपले. कानाशी घातलेली रंजक अंगठ्याने झटकून टाकली की पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याच्या दृष्टीने गारगोटीची बंदूक रिकामी झाली. नळीतला बार तसाच ठेवून शिकारी टेकडी उतरू लागतो.